आपल्या माणसाची गाडी

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा काय करतो, तर टायरला लाथ मारतो. का मारतो ते त्याला ठाऊक नसतं. मग दार उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो, आत बसून एसी सुरू करतो, गाणी लावून बघतो आणि बाहेर येऊन म्हणतो, गाडी छान ठेवलीय हो. झाली तपासणी. आमच्या साताऱ्याकडचा शेतकरी बैल घेताना दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो आणि एवढं करून वर म्हणतो, उद्या सांगतो. त्याचीच शिकली-सवरलेली नातवंडं जयपुरात नोकरीला येतात आणि गाण्याच्या आवाजावर गाडी पसंत करतात. काय बोलणार.

मी मोटार विम्यातला सर्व्हेअर. म्हणजे कोण, असं पुष्कळ जण विचारतात. जमीन मोजणारा का? नाही. गाडी कुठे आपटली की मालक विमा कंपनीला कळवतो आणि कंपनी माझ्यासारख्याला पाठवते. जा, बघ, काय मोडलंय आणि मालक सांगतोय तसंच मोडलंय का. ‘नीलगाय आडवी आली’ असं सांगणाऱ्याच्या बंपरवर भिंतीचा चुना सापडतो, तो शोधणं हे माझं काम. नोकरीने मला जयपूरला आणलं आणि निवृत्तीनंतरही मी इथेच राहिलो. मुरलीपुऱ्यात घर घेतलं तेव्हा आमची ही म्हणाली, डाव्या हाताला डेंटर, उजव्या हाताला पेंटर, तुम्ही घर कुठलं घेताय, दुकानातच राहायला निघालाय. खरं होतं ते. पत्रा ठोकल्याचा आवाज आला नाही तर मला दुपारची झोप लागत नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं, काका, तरुण मंडळींना उपयोगी पडेल असं लिहा, स्वस्तातली जुनी गाडी घेताना काय बघावं. लिहितो. पण मला धड मुद्देसूद लिहिता येत नाही आणि या विषयावर लिहायला बसलो की केळकरच्या गाडीपाशीच येऊन थांबतो. तेव्हा आधी उपयोगाचं सांगून घेतो.

गाडी बघायला सकाळी जा, न सांगता जमलं तर फारच उत्तम. विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजा की थंड इंजिन काहीतरी बोलतं आणि ते तुम्ही ऐकू नये अशी त्याची इच्छा आहे. बॉनेटला हात लावून बघा. गाडी चालू करताना मागे एकाला उभं करा. निळसर धूर आला तर इंजिन तेल पितंय. इंजिनात तेल ओततात तिथलं झाकण उघडा, आतून दुधावरच्या सायीसारखं काही चिकटलं असेल तर हात जोडा आणि घरी या. कारण अशा गाडीचं काम काढलं की नाकापेक्षा मोती जड.

मग गाडी राहिली कुठे ते विचारा. हे कोणी विचारत नाही. जयपूरच्या गाडीला गंज माहीत नाही, त्यामुळे इथले मिस्त्री खाली वाकून बघतच नाहीत. आपली मंडळी एमएच नंबर दिसला की विरघळतात. एका पोराने अशीच कोकणातून आलेली गाडी घेतली, वरून आरशासारखी. पावसात चाकाखालचं पाणी पायात आलं तेव्हा कळलं की पायाखाली पत्रा नाहीच, नुसता गालिचा आहे. खाऱ्या हवेने तळ खाल्ला होता.

आणि इथली गाडी असेल तर ऊन बघा. जयपूरचं ऊन फार इमानदार. ते सगळ्यांना सारखं भाजतं. डॅशबोर्ड, स्टिअरिंग, दारांचं रबर, दिव्यांच्या काचा, सगळं बरोबरीने पिकतं. एकच तुकडा शेजाऱ्यांपेक्षा तरुण दिसला, की तो नंतर आलेला आहे. का आला, ते विचारायचं.

बघण्याचा अतिरेकही वाईट. एका नागपूरकर साहेबांना मी बगरूच्या छिप्याची गाडी दाखवली होती, अगदी बावनकशी. बाईसाहेबांनी मागची चटई उचलली, खाली लाल डाग. त्या तिथेच खाली बसल्या. रक्त आहे म्हणाल्या, या गाडीत काहीतरी झालंय. विकणारा बिचारा दोन्ही हात पुढे करून दाखवत होता, त्याचेही पंजे तसेच लाल. अहो, छिपा म्हणजे कापड छापणारा माणूस, रंगाचा डबा सांडला होता. पण साहेबांनी ती गाडी सोडली ती सोडलीच. ती गाडी अजून अजमेर रोडवर धावते, कधी दिसली की मी तिला मनातल्या मनात सलाम करतो.

आता केळकर.

इथल्या मराठी लोकांत गाड्यांची एक रीत आहे. बँकेतला, विम्यातला, केंद्र सरकारातला माणूस बदलून जातो, त्याच सुमाराला दुसरा बदलून येतो. जाणाऱ्याची गाडी येणारा घेतो. घराच्या गॅससारखी, पडद्यांसारखी. किंमत चहावर ठरते. गाडी तपासायची नाही, कारण आपल्या माणसाची गाडी तपासणं म्हणजे त्याच्या बायकोने वाढलेल्या ताटातला भात चिवडून बघण्यासारखं. मलाही ही रीत पाळावी लागे. मग मी एक युक्ती काढली होती. चहाचा कप हातात घ्यायचा आणि गप्पा मारत मारत गाडीभोवती एक चक्कर टाकायची. कप हातात असेपर्यंत ती तपासणी नसते. तेवढ्यात मला जे दिसायचं ते दिसे, आणि घेणाऱ्याला नंतर हळूच सांगता येई की टायर बदलून घे, क्लच बघून घे. कोणाचं मन दुखावत नसे. बॉनेट मात्र मी कधी उघडलं नाही.

केळकर बँकेतला, मूळचा रत्नागिरीचा. त्याची माझी ओळख इथल्या गणपतीत झाली आणि पुढे अरे-तुरेवर आली. उषावहिनी आणि आमची ही तर सख्ख्या बहिणींसारख्या. मुलगा एकच, सौरभ. आता कॅनडात असतो. केळकरने निवृत्तीच्या बरीच वर्षं आधी एक पांढरी गाडी नवी कोरी घेतली, तीही वरचं मॉडेल, पुढे दोन एअरबॅग असलेलं. त्या वेळी ती मोठी गोष्ट होती. मोतीडुंगरीच्या गणपतीपुढे नेऊन पूजा केली आणि तेव्हापासून ती गाडी म्हणजे त्याचं सोवळं झालं. बूट झटकल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. गाडीत खायचं नाही. रविवारी सकाळी हा पिवळं फडकं घेऊन गाडी पुसणार आणि पुसता पुसता प्रत्येक दारावरून बोट फिरवून बघणार.

सौरभला अठराव्या वर्षी किल्ली मिळाली ती एका लांबलचक भाषणासकट. ‘ओरखडा आला तर घरात येऊ नकोस’ हे त्यातलं शेवटचं वाक्य. एकदा गणपतीच्या आरतीला सगळे जमलेले असताना त्या पोराकडून दार भिंतीला लागलं. रंगही गेला नव्हता. पण केळकरने सगळ्यांसमोर त्याला असा झापला की पोरगं प्रसाद न घेताच निघून गेलं. आम्ही सगळे हसलो होतो. मीही. केळकरचं गाडीवेड हा आमच्या चेष्टेचा विषय होता, त्या पोराकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

तर केळकरने कायमचं रत्नागिरीला जायचं ठरवलं आणि गाडी विकायला काढली. रीतीप्रमाणे ती आपल्याच माणसाला द्यायची होती. घेणारे होते निनाद आणि प्रज्ञा, दोघंही पुण्याकडचे. निनाद सीतापुऱ्यात आयटीत, आणि प्रज्ञा बगरूच्या एका छपाई कारखान्यासाठी नक्षी काढते. रोज स्कूटरवरून अजमेर रोडने जायची, दोन्ही बाजूंनी ट्रक. तिला दिवस गेले आणि डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. काम सोडायचं नव्हतं, हातात पैसा बेताचा. केळकरने पडत्या किमतीत गाडी देऊ केली तेव्हा ती दोघं अक्षरशः हरखून गेली. केळकर मला म्हणाला, पाटणकर, तू नुसता ये, पोरांना सांग गाडी चांगली आहे, तुझ्या तोंडून ऐकलं की त्यांना धीर येईल.

मी गेलो. वहिनींनी चहा दिला, कप घेऊन मी अंगणात आलो. केळकर सांगत होता, एकहाती गाडी, मी आणि सौरभ, तिसऱ्याने चालवली नाही, आजवर एक ओरखडा नाही. प्रज्ञा आधीच पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसली होती, पोटावर हात ठेवून. मी तिच्याशी काही बोलायला खिडकीतून डोकावलो आणि तिच्या समोरचा डॅशबोर्ड मला दिसला.

सगळा डॅशबोर्ड उन्हाने राखाडी झालेला. तिच्या समोरची एअरबॅगची झडप मात्र काळी. तरुण. स्टिअरिंगचा मधला भागही तसाच.

मी म्हटलं, बघू, मी जरा बसतो चालकाच्या जागी. किल्ली अर्धी फिरवली, इंजिन चालू केलं नाही. असं केलं की समोरचे सगळे दिवे लागतात. त्यातला एअरबॅगचा दिवा थोड्या वेळात आपोआप विझला पाहिजे, यंत्रणा ठीक आहे याची ती खूण. बॅटरीचा आणि तेलाचा दिवा मात्र इंजिन चालू होईपर्यंत राहतो. हे लिहून ठेवा, जुन्या गाडीत ही एक गोष्ट नक्की बघा. केळकरच्या गाडीत एअरबॅगचा दिवा विझेचना. मी इंजिन चालू केलं, तेव्हा तो बॅटरीच्या दिव्याबरोबर एका क्षणी विझला. म्हणजे त्याची तार बॅटरीच्या दिव्याला जोडलेली. म्हणजे एअरबॅग फुटून गेल्या होत्या, पुन्हा बसवल्याच नव्हत्या, आणि कोणाला कळू नये म्हणून दिव्याची ही सोय केली होती. झडपेमागे काही नव्हतं. त्या पोरीच्या समोर रिकामा डबा होता.

मी खाली उतरलो, कप गाडीच्या टपावर ठेवला आणि बॉनेट उघडलं. केळकर बोलता बोलता थांबला. वहिनी दारात होत्या, शेजारचे एक साहेबही आले होते. डाव्या बाजूला पुढच्या चाकाजवळचा जो मुख्य दांडा असतो, ज्यावर पुढची सगळी गाडी उभी असते, त्यावर जोड होता. ठोकून सरळ केलेला, वेल्ड मारलेला, वर काळा रंग फासलेला. मडगार्डच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा. ही गाडी चांगलीच आपटली होती.

मी बॉनेट लावलं आणि काहीही न बोलता घरी आलो. निनादला फोन करून सांगितलं, घेऊ नका. का ते विचारू नका, पण घेऊ नका. त्याने विचारलं नाही. आवाजावरून मात्र कळलं की त्याचा आनंद मावळलाय, आणि प्रज्ञा शेजारी आहे.

का सांगितलं नाही? लाज वाटली म्हणून. माझी नव्हे, केळकरची. गाडी एकहाती, घरातली. गाडी आपटलेली मालकाला माहीत नाही असं होत नाही. म्हणजे हा माणूस, इतक्या वर्षांचा मित्र, एका पोटुश्या पोरीला फसवत होता आणि वर त्यासाठी माझ्या नावाचा शिक्का मारू पाहत होता. जन्मभर परक्यांची लबाडी पकडली, त्याचा कधी त्रास झाला नाही, उलट मजा यायची. ही लबाडी मात्र घशात अडकली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ही म्हणाली, एकदा विचारून तरी बघा त्यांना. मी म्हटलं, काय विचारू, चोराला चोरी केलीस का म्हणून?

पुढे काही दिवसांनी केळकर स्वतःच आला. बसला नाही. हिने पुढे केलेलं पाणीही घेतलं नाही.

“चार माणसांत तू माझ्या गाडीचं बॉनेट उघडलंस,” तो म्हणाला. “एवढी वर्षं मी तुला आपला माणूस समजत होतो.”

मी गप्प राहिलो. त्याला वाटलं मी मग्रुरी करतोय. मग त्याने मला मनसोक्त सुनावलं. सर्व्हेअर लोकांना सगळीकडे खोटंच दिसतं, तुझी नजरच नासलीय, असं बरंच. शेवटी म्हणाला, आता मला ती कोणाला विकायचीच नाही. मी आणि उषा त्याच गाडीने रत्नागिरीला जाणार, उदयपूर करत, नाशिक करत, आरामात. घरासमोर उभी करून तुला फोटो पाठवतो. आणि गेला.

मी खुर्चीत बसून राहिलो. फाटकाचा आवाज विरला आणि मग माझी ट्यूब पेटली. अरे, हा वहिनींना त्या डाव्या सीटवर बसवून रत्नागिरीला नेणार आहे. दुसऱ्याच्या बायकोला फसवणारा माणूस असू शकतो, पण समोर एअरबॅग नाही आणि दांडा जोडलेला आहे हे माहीत असताना कोणी स्वतःच्या बायकोला तिथे बसवून असा प्रवास करत नाही. केळकरला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं रोज तो त्या रिकाम्या स्टिअरिंगमागे बसत होता आणि रविवारी वरून फडकं फिरवत होता. मी हिला सांगितलं तशी ती म्हणाली, अहो मग बसलाय काय, जा आधी.

केळकरच्या घरात सामानाची बांधाबांध चालली होती. मला बघून त्याने तोंड फिरवलं. मी म्हटलं, नंतर हवं तेवढं बोल, आधी गाडीत बस आणि किल्ली अर्धी फिरव. माझ्या आवाजात काहीतरी असावं, तो बसला. मी त्याला दिवा दाखवला, काय व्हायला हवं आणि काय होतंय ते समजावलं. डॅशबोर्डवरच्या झडपेवर त्याचंच बोट ठेवून आजूबाजूचा रंग दाखवला. मग बॉनेट उघडून जोड दाखवला. केळकर हुशार माणूस, बँकेत लोकांची कागदपत्रं पारखण्यात आयुष्य गेलेलं. तरी म्हणाला, कंपनीतूनच तशी आली असेल. मग म्हणाला, सर्व्हिसिंगवाल्यांनी काही घोळ केला असेल. मी नुसती मान हलवली. सर्व्हिसिंगवाले तेल बदलतात, दांडे बदलत नाहीत.

तो गाडीला टेकून उभा राहिला. मला दिसत होतं की तो मागे मागे जाऊन शोधतोय, गाडी आपल्या हातातून कधी सुटली होती. अशी एकच वेळ होती. त्याची आई शेवटच्या आजारात होती तेव्हा तो एकटाच रत्नागिरीला जाऊन राहिला होता.

वहिनी केव्हा बाहेर आल्या ते आम्हाला कळलं नाही.

“भाऊजी, त्यांना काही विचारू नका,” त्या म्हणाल्या. “सौरभने ठोकली होती. मला माहीत होतं.”

मग त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. केळकर रत्नागिरीला असताना चाकसूला शीतलामातेची जत्रा भरली होती. मित्र चला म्हणाले, सौरभने किल्ली घेतली. येताना टोंक रोडवर दिवेलागणीला एक ट्रॅक्टरची ट्रॉली बंद पडून उभी होती, मागे दिवा नाही, काही नाही. हा जाऊन धडकला. एअरबॅगच्या त्या दोन पिशव्या फुटल्या म्हणून पोरं वाचली. सौरभचं मनगट मोडलं. दवाखान्यात तो रडत होता तो हातासाठी नाही, बाबांना काय सांगू म्हणून. आईच त्याला म्हणाली, सांगू नकोस, ते यायच्या आत नीट करून घेऊ. कुणाच्या ओळखीने गाडी मुरलीपुऱ्यातल्या एका गॅरेजात टाकली. मिस्त्रीने सांगितलं सगळं पहिल्यासारखं केलंय, आणि त्यांनी विश्वास ठेवला. एअरबॅग नव्या बसवाव्या लागतात हे त्यांना कुठून माहीत असणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्या गप्प बसल्या आणि इतकी वर्षं स्वतः त्याच सीटवर बसून फिरल्या.

मुरलीपुरा म्हणजे माझं घर. ते गॅरेज माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्या पोराला माहीत होतं की पाटणकरकाका हेच काम करतात, बाबांचे मित्र आहेत, तिथेच राहतात. तो मिस्त्रीकडे गेला, माझ्याकडे आला नाही. आला असता तर मी एका शब्दाने सगळं मार्गी लावलं असतं. क्लेम झाला असता, नव्या एअरबॅग आल्या असत्या, बापाला समजावलं असतं. पण तो कसा येईल? आरतीच्या दिवशी हसणाऱ्यांत मी होतो. हे तेव्हा त्या अंगणात उभं असताना मला जेवढं टोचलं तेवढं आजही टोचतं.

मला वाटलं केळकर आता भडकणार, वहिनींनाही तसंच वाटलं असावं, त्या पदर घट्ट धरून उभ्या होत्या. पण तो एवढंच म्हणाला, “मला म्हणाला होता क्रिकेट खेळताना पडलो. मी त्याची बॅट माळ्यावर टाकून दिली होती.”

गाडीचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. ती विकली नाही, चालवलीही नाही. मी स्वतः उभं राहून भंगारात घातली. निनाद आणि प्रज्ञासाठी दुसरी गाडी शोधली, साधी, जुनी, पण खरी. ती बघताना मी चहा घेतला नाही, गाडीचा मालक आपलाच माणूस होता तरी बॉनेट उघडलं, खाली आडवा होऊन तळ बघितला. त्याला राग आला. येऊ दे. त्यानंतर मी रीत मोडली ती मोडलीच, आणि माझं सगळ्यांना सांगणं आहे की आपल्या माणसाची गाडी आधी तपासावी. तो लबाड असतो म्हणून नाही. त्यालाही माहीत नसतं म्हणून.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. केळकर आत जाऊन सामानाच्या खोक्यावर बसला आणि त्याने सौरभला फोन लावला. वहिनी म्हणाल्या, अहो, आत्ता नको, नीट विचार करून बोला. त्याने ऐकलं नाही. मी निघायला उठलो तर मला हाताने बसवलं. फोन त्याने स्पीकरवर ठेवला, बहुधा एकट्याने ऐकायचा धीर होत नव्हता. कॅनडात सकाळ होती. सौरभ घाईत होता, कामावर निघाला होता, बाबांचा फोन या वेळी बघून तो घाबरला आणि आधी आईची तब्येत विचारली.

“सौरभ,” केळकर म्हणाला. इतक्या हळू मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. “चाकसूहून येताना गाडी लागली, तेव्हा तुला फार लागलं होतं का रे?”

सौरभ भराभर बोलायला लागला. कोण म्हणालं, मी कुठे चाकसूला गेलो होतो, नाही बाबा, तुमची गाडी मी नेहमी जपूनच चालवायचो, का, काय झालं गाडीला? मी आयुष्यभर अपघात करून आलेल्यांचे जबाब ऐकले आहेत. हा तीस-पस्तिशीचा, स्वतःच्या घरादाराचा माणूस बोलत नव्हता. दार भिंतीला लागलं तेव्हाचं पोरगं बोलत होतं. केळकरला तेही कळलं. त्याचा चेहरा बघवेना.

पूर्वीचा केळकर असता तर त्याने तिथल्या तिथे खोटं पकडलं असतं, वहिनींची साक्ष काढली असती. त्याने डोळे पुसले आणि फोन तोंडाजवळ नेला.

“गाडीला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “मी आपलं विचारलं. तिकडे थंडी फार असते ना. तुझं मनगट दुखतं का रे अजून?”

वहिनी जमिनीकडे बघत होत्या.

“दुखतं, बाबा,” सौरभ म्हणाला.